कमळीच्या नावाचा गोटा

मालगुजारांची जमीनदारी नुकतीच गेली होती, त्या सुमाराची गोष्ट. आरमोरीकडच्या एका लहानशा गावातला देवाजी आपल्या नव्या बायकोला वैरागडचा किल्ला दाखवायला निघाला. धान मळून घरात आलं होतं, बैल रिकामे होते आणि शेजारचा लटारूभाऊ तिकडच्या बाजाराला जाणारच होता. त्याच्या रेंगीत, म्हणजे माणसं बसायच्या हलक्या बैलगाडीत, भाताचं तणस पसरलं, वर घोंगडी टाकली आणि पहाटेच गाडी गावाबाहेर पडली.

किल्ला हे नुसतं निमित्त. चिमूरकडून आलेली ही कमळा लग्न झाल्यापासून रडत होती. दिवसभर, सासूपुढंसुद्धा, हनुवटीपर्यंत पदर ओढून काम करायची आणि रात्री भिंतीकडं तोंड करून मुसमुसायची. अंधारात तिच्या चुड्याचा आवाज यायचा आणि देवाजी जागा राहायचा. काय बोलावं ते त्याला सुचत नसे. मुळातच तो लाजरा. लग्नात बाशिंगाआड आणि घरी पदराआड, बायकोचा चेहरा त्यानं धड पाहिलासुद्धा नव्हता. चैत्रात तिचा बाप तिला न्यायला येणार होता. पोर अशीच झुरत राहिली तर तो तिला परत पाठवायचा नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"जा, फिरवून आन तिले," त्याची आई गुणाबाई म्हणाली होती. "तुह्यासारख्या मुक्यासंग कोन रमते बापा?"

माघाची थंडी होती. रान सुरू झालं तसं धुकं दाट झालं. ओल्या पाचोळ्याचा वास येत होता. बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. रात्रभर न झोपलेली कमळा घोंगडीवर कलंडली आणि तोंडावर पदर घेऊन गाढ झोपून गेली.

वळणावर, बिब्याच्या झाडाखाली, गोट्यांचा ढीग होता. लटारूनं गाडी थांबवली. वाघानं माणूस नेलं त्या जागी येणारा-जाणारा एकेक गोटा ठेवून जातो, नाही तर वाट बाधते, अशी तिकडची रीत. या जागेची हकीकत देवाजीनं लहानपणी ऐकली होती. मोहफुलं वेचायला आलेली कुणाची तरी नवी सून होती. तिचं काही सापडलं नव्हतं, लुगड्याची चिंधीसुद्धा नाही.

लटारूनं आपला गोटा ठेवला आणि तो बैलाच्या गळ्याची ढिली झालेली जोत बांधायला पुढं गेला. देवाजीनंही एक ठेवला. मग त्यानं गाडीकडं पाहिलं. किती दिवसांनी झोपली होती ती! उठवायचा त्याला जीव होईना. पण तिचा गोटा राहायला नको, वाट तिला परकी. त्यानं एक गुळगुळीत गोटा निवडला, मनात म्हटलं, हा कमळीच्या नावाचा, आणि ढिगावर हलकेच ठेवून दिला.

गाडी हलली. चढ नव्हता, तरी बैल मान खाली घालून ओढू लागले. बऱ्याच अंतरावर मागून रानात कुणी हाका मारल्यासारखं वाटलं. बारीक, रडवेला आवाज.

"मोर व्हय," लटारू म्हणाला. "मागं पाहून नको राहू. बैल बुजतेत."

वैरागडच्या खंदकाशी बैल सोडले तेव्हा ऊन पडलं होतं. कमळा उठून बसली. तिनं पदर मागं सारला आणि देवाजीकडं पाहून हसली.

"आलो काय हो आपुन? मले उठवले काऊन नाई?"

लग्नानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. देवाजीचे कान तापले. गोल चेहरा, हनुवटीवर गोंदण. बायको एवढी देखणी असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

मग तो दिवस कसा गेला ते त्याला समजलं नाही. पडक्या तटावरून ती शेळीसारखी चढली. खंदकातलं हिरवं पाणी, बुरुजावर उगवलेले वड, दरवाजाच्या चिरेबंदी कमानीतली वटवाघळं, सगळं पाहून झालं. जुन्या काळी इथल्या नदीच्या वाळूत हिरे सापडत, असं त्यानं भीतभीत सांगितलं.

"मंग चाला, एखांदा हुडकू," ती म्हणाली. "तुमाले बोलता येते तं! मले वाटलं, मुक्याच्या पदरात पडली."

तो खळखळून हसला. तीही हसली.

बाजारात जलालुद्दीन कासाराच्या दुकानापुढं ती थांबली. म्हाताऱ्यानं तिचा हात हातात घेतला आणि भिवया वर केल्या.

"बेटी, नवी नवरी ना तू? मग हात असे रिकामे?"

"गाडीत फुटला चुडा," ती म्हणाली.

"आनि हात किती ठंडा तुहा! ऊन एवढं चढलं, तरी?"

"तुमी भरा ना बाबा बांगड्या. हिरव्या भरा."

देवाजीला नवल वाटलं. गाडीत चुड्याचा एकही तुकडा त्यानं पाहिला नव्हता. पण भरल्या हातांनी ती अशी काही मिरवायला लागली, की तो विसरून गेला.

दुपारी झाडाखाली शिदोरी सोडली. ती पाणी आणायला विहिरीवर गेली, तेव्हा देवाजीनं मोठ्या खुशीत गोट्याची गोष्ट लटारूला सांगितली. "तिचा गोटा बी मीच ठेवलो. झोपली व्हती ना बिचारी."

लटारूच्या हातातला घास हातातच राहिला.

"तिच्या नावानं? तुह्या हातानं?"

"काऊन भाऊ?"

"ज्याचा त्यानं ठेवावं लागते रे बाबू... दुसरे ठेवतेत तो मेलेल्या मानसाच्या नावानं. हे घ्या, हे तुमची, असं त्या जागेले सांगून आला ना तू."

विहिरीवरून कमळा येत होती, डोक्यावर मडकं, गुणगुणत. लटारू डोळे बारीक करून पाहत राहिला.

"काय पाह्यता भाऊ?" ती म्हणाली. "माह्या डोक्यावर मोर बसला काय?"

लटारू कसनुसा हसला. "चांगली तं हाये," तो पुटपुटला. पण परतताना त्यानं ती वाट सोडली आणि नदीकाठानं, लांबच्या वाटेनं गाडी घातली. का, ते देवाजीनं विचारलं नाही. कमळा त्याच्या खांद्याला टेकून बसली होती.

त्या दिवसापासून घर बदललं. कमळा पहाटे उठून सडा टाकी, गुणाबाईच्या डोक्याला तेल लावी, शेजारणींशी थट्टा करी. चैत्र लागला तशी मोहफुलं वेचायला जाऊ लागली आणि सगळ्या बायांच्या आधी टोपली भरून आणू लागली. "सोन्यासारखी सून माही," गुणाबाई गावभर सांगत फिरली. रात्री कुणी रडत नसे. आता बापानं नेली तरी ही आपणहून परत येईल, अशी देवाजीची खात्री झाली.

तिचा बाप मुखरूजी एका दुपारी आला. ओसरीवर बसला. कमळा लोटाभर पाणी घेऊन आली, बापाच्या पाया पडली आणि आत गेली. मुखरूजीनं तिला तोंडभर आशीर्वाद दिला, पाणी प्याला. मग बराच वेळ दाराकडं पाहत राहिला.

"जावईबापू," शेवटी तो हळूच म्हणाला, "कमळीले बलवा ना. एवढा वखत झाला, भेटाले आली नाई. रागावली काय बापावर?"

देवाजीला वाटलं, म्हातारा थट्टा करतो. "आत्ताच तं पानी देऊन गेली, मामाजी."

"ते? ते तं तुमची बहीन व्हय ना?"

देवाजीला बहीण नव्हती.

आत जात्याची घरघर सुरू होती, ती थांबली.

"बाबा," आतून ती म्हणाली, "तो पाय लांब करून बसा. बैलानं तुडवला व्हता ना, तो. मायले नको सांगू म्हनत व्हते तुमी मले."

मुखरूजीचा चेहरा पांढरा पडला. त्यानं देवाजीचं मनगट घट्ट धरलं.

"आवाज तं माह्या पोरीचाच हाये..." तो कुजबुजला. देवाजीला गोट्यांच्या ढिगाकडून आलेली ती रडवेली हाक आठवली.

आतली पावलं दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.