बांधातली खुंटी

ती होडी त्या कप्प्यात मावणार नाही, हे एखादं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कप्पा पिकअपच्या मागच्या चाकावर बसवलेला, गॅसची एक टाकी जेमतेम राहील एवढा. होडी रबरी, हवा अर्धवट सोडलेली, जलाशयाचं शेवाळ अंगाला चिकटलेली. प्रफुल्लने तिचं टोक कप्प्याच्या तोंडाशी धरलं आणि बायकोकडे बघितलं.

"ढकल," शैलजा म्हणाली.

त्याने ढकलली. होडी आत जात राहिली, कप्प्याची मागची भिंत तिला वाट देत मागे सरकत राहिली, आणि शेवटी वल्ह्यांसकट सगळी होडी आत गेली. बाहेरून कप्पा होता तेवढाच राहिला.

शेजारच्या गाडीतले गृहस्थ दात घासता घासता थांबले होते. "अहो, एवढी जागा येते कुठून?"

प्रफुल्लला तेवढंच हवं होतं. निवृत्तीनंतर पिकअपच्या पाठीवर हे छोटं घर चढवून दोघं फिरायला लागली, तेव्हापासून जागा हाच त्याचा दुखरा विषय होता. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला दुर्बीण, तंबू, घडीच्या खुर्च्या आणि इडलीपात्र न्यायचं नसतं. छतावर पेट्या बांधून झाल्या, पलंगाखाली खण करून झाले, दाराच्या आतल्या अंगाला जाळीच्या पिशव्या टांगून झाल्या. रोज सकाळी एक वस्तू काढायला दहा वस्तू उपसायच्या आणि त्यावरून भांडायचं, हे काही चुकेना. मग बाजारात उसना कप्पा आला.

"जागा नवी तयार होत नाही," तो समजावू लागला. "शिंपी कापडाला चिमटा घेतो ना, तसं. तिकडे आवळायचं, इकडे सैल सोडायचं. कप्प्याबरोबर एक खुंटी मिळते. ती आपल्या मालकीच्या जमिनीत पुरायची. इथे सामान आत ढकललं की खुंटीपुढची जमीन आवळते. सामान काढलं की परत पसरते."

"म्हणजे तिकडे होडीएवढी जमीन गेली म्हणायची?"

"छे, कितीतरी जास्त. कालव्याचं पाणी वाटेत मुरतं ना? इथे हातभर जागा हवी तर तिथली पुष्कळ ताणात अडकून पडते. म्हणून पडीक रान लागतं. हिच्या माहेरी आहे, धावडवाडीला. नुसतं पडून आहे. कुणाला काय त्रास?"

शैलजाने हातातलं ओलं फडकं पिळलं. पाणी संपलं तरी पिळत राहिली. कुणाला काय त्रास होतोय, हे तिला नीट ठाऊक होतं.

धावडवाडीला तिच्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचं रान होतं आणि त्याला लागून चुलतभाऊ सर्जेरावचं. बांध कोरणं म्हणजे काय, हे ज्याचं रान भावकीच्या रानाला लागून आहे त्याला सांगायला नको. नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, बांधाला घासून घालायचं. बांध बोटभर सरकतो. बोटभर मातीसाठी कोण कुणाशी भांडणार? सर्जेरावने दर नांगरटीला बोट बोट करत तात्यांची सबंध पट्टी गिळली. तात्यांनी हाताने लावलेलं जांभळाचं झाड आधी बांधाजवळ आलं, मग बांधावर आलं आणि शेवटी बांधापलीकडे गेलं. सरकारी मोजणी आली, दगड रोवले गेले. पुढच्या पावसाळ्यानंतर दगडांनाही पाय फुटले.

एकदा तात्या ट्रॅक्टरला आडवे उभे राहिले. सर्जेरावने इंजिन बंद केलं, माणसं जमू दिली आणि मग म्हणाला, "म्हाताऱ्याच्या गवऱ्या मसणात गेल्या, तरी मातीची हाव सुटंना." माणसं हसली. तात्या त्यानंतर रानात गेलेच नाहीत. पुढची जांभळं पिकायच्या आत ते वारले. सर्जेराव खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होता, आणि शैलजाला ते त्या शिवीहून जास्त लागलं होतं.

म्हणून कंपनीच्या पडद्यावर 'ही जागा आपल्या मालकीची आहे का?' असं आलं, तेव्हा तिने 'हो' दाबलं. खोटं बोलल्यासारखं तिला मुळीच वाटलं नाही. खुंटी पुरायला ती एकटी गेली, बाजाराच्या दिवशी भर दुपारी, जेव्हा रानात चिटपाखरूही नव्हतं. खुंटीच्या डोक्यावर एक बाण होता. बाण जिकडे, तिकडची जागा ती ओढणार. तिने बांधाच्या मुळाशी खड्डा घेतला आणि बाण सर्जेरावच्या रानाकडे वळवला. सोबतच्या पुस्तिकेत लाल अक्षरांत छापलं होतं: जमीन आवळताना बाणापुढे माणूस नसावा, माणसावरच्या परिणामांची चाचणी झालेली नाही. तिने ते दोनदा वाचलं आणि माती लोटली.

तिथून शैलजा बदलली. पूर्वी चमच्याच्या वजनावरून कटकट करणारी बाई आता विचारू लागली, "आणखी काही घ्यायचं का रे?" दुसरा तंबू घेतला, मोठी शेगडी घेतली, मग ही होडी. प्रफुल्लला वाटलं, प्रवास हिला मानवला. ती मात्र प्रत्येक वस्तू आत जाताना मनात म्हणायची, घे, ही तुझी बोटभर. घे, ही आणखी बोटभर. आत्ता या क्षणी तो तिथे उभा असेल तर, असाही विचार कधी कधी यायचा. आला की ती आणखी जोरात ढकलायची. तिला त्याचा आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची लाज वाटत नसे.

त्याच सकाळी जलाशयावरून निघता निघता फोन आला.

"शैला, मी सर्जादादा. येऊन जा बाई एकदा. तुझं हाय ते तुला देतो."

आवाज ओळखू येईना इतका खचलेला होता. शैलजाने मुद्दामच कोरड्या आवाजात विचारलं, "काय झालं?"

"आल्यावर दावतो. फोनवर सांगायजोगं न्हाय."

"बघ, म्हातारपणी माणूस निवळतो," प्रफुल्ल म्हणाला आणि त्याने गाडी धावडवाडीच्या रस्त्याला लावली. सर्जेरावचं ते तोंड कधी एकदा बघते, असं शैलजाला झालं होतं.

सर्जेराव बांधावर वाट बघत उभा होता. हातात नारळ, गालफडं बसलेली. प्रफुल्लने गाडी पाणंदीत लावली आणि भावाबहिणीचं बोलणं होऊ दे म्हणून तो गाडीमागेच थांबला.

"हे बघ," सर्जेरावने जांभळाकडे बोट केलं.

समोरून झाड भरगच्च होतं. शैलजा दोन पावलं बाजूला झाली आणि झाडाची पार काठी झाली. खोड, फांद्या, पालवी, सगळं एखाद्या दारात चेंगरल्यासारखं चपटं. मरत नव्हतं, पानंही हिरवी होती. पण ते तात्यांचं झाड होतं.

"तात्या न्हेत्यात गं," सर्जेराव म्हणाला. "मी जशी कोरली, तशीच कोरत्यात. बोट बोट. मोजणीवाला आला, फीत लावली आन् घाम पुसत गेला. आता माझं मूळचं रान बी खायाला लागल्यात. रातचं डोळ्याला डोळा न्हाय." त्याने हात जोडले. "चूक झाली माझी. पाप झालं. उद्याच पंच बोलवून बांध मूळ जागी न्हेतो. जांभळासकट पट्टी तुझी. तेवढं तात्यास्नी सांग बाई, थांबा म्हणावं."

'चूक झाली' हे दोन शब्द ऐकायला तात्या राहिले नाहीत. शैलजाने ते त्यांच्या वाटचेही ऐकले, आणि तिला वाटलं, आणखी एकदा म्हणायला लावावं याला, चावडीवर, त्याच हसलेल्या माणसांसमोर. दिलेलं घ्यावं म्हणून तिने बांधापलीकडे पाऊल टाकलं. घाटात बसतात तसे कानांना दडे बसले, आणि त्या एका पावलात पट्टी संपली. पाय थेट पलीकडे, सर्जेरावच्या मूळ रानात पडला होता.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. बांधाला लागून होतं ते चोरलेलं. खुंटीने पहिला घास घेतला तो तात्यांच्याच मातीचा, सर्जेरावचं रान त्याच्या मागून. जी पट्टी हा हात जोडून परत देत होता, ती तिच्याच गाडीत होडीखाली दाबून ठेवलेली होती. रागाच्या भरात तिने बापाचीच जमीन खाल्ली होती.

"दादा, उभे किती वेळ राहाल?" गाडीमागून प्रफुल्लचा उत्साही आवाज आला. "चहा टाकतो!"

शेगडी होती होडीच्या पाठीमागे. त्याने होडी ओढून काढली, मग तंबू, मग खुर्च्या, मग शेगडी. इकडे शैलजाच्या पायाखाली माती सुस्कारा सोडल्यासारखी पसरू लागली. ढेकळं एकमेकांपासून दूर झाली. जांभळाची काठी फुगत फुगत पुन्हा गोल झाली आणि त्याची सावली दोघांच्या अंगावर पडली.

सर्जेरावचे जोडलेले हात तसेच राहिले. मग हळूहळू सुटले. तो पट्टीत उतरला आणि टाचेला बोट लावत पाय मोजत चालू लागला. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत त्याची पाठ सरळ झाली होती.

"निवळला की गं म्हातारा," तो म्हणाला. "तू नुसती आलीस आन् निवळला."

"दादा, उद्या पंच बोलवणार होतास."

"बोलवू की. पळून चाललीय का जमीन आता?" त्याने नारळ पिशवीत टाकला. "एवढं पीक निघू दे. पुढच्या सालाला बघू. आन् तू तरी रान घिऊन काय करणार? चाकावरची बाई तू."

सांगून टाकावं, की तात्या नाही, मी होते? सांगितलं तर तो खुंटी उपटणार. गप्प राहावं, तर पट्टी त्याचीच. पुन्हा आवळावी, तर पट्टी कुणाचीच नाही आणि झाडाची पुन्हा काठी. तिने सगळीकडून विचार करून पाहिला. तेवढ्यात तो पुन्हा मोजायला वळला, आणि तिच्या कानात तीच जुनी माणसं हसली.

ती बांध उतरून गाडीकडे आली.

"आवर," ती म्हणाली. "निघायचं."

"अगं, आधण आलंय! चहा तरी…"

"आवर म्हटलं ना."

प्रफुल्लने शेगडी बंद केली. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं, बाकी काही नाही. पुस्तिका त्याने कधी वाचली नव्हती आणि खुंटी पडीक रानात आहे, असंच तो धरून चालला होता. सवयीप्रमाणे त्याने आधी मोठी वस्तू घेतली. होडीचं टोक कप्प्याच्या तोंडाशी धरलं आणि बायकोकडे बघितलं.

शैलजा मात्र रानाकडे बघत होती. जांभळाखाली, बाणाच्या अगदी समोर, सर्जेराव पाठमोरा उभा होता. झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून, आपल्याच वस्तूवर ठेवावा तसा.

"ढकलू ना?" प्रफुल्लने विचारलं.