उलटी तार

दुकानदाराला सर्दी झाली होती, त्यामुळे तो दर वाक्यानंतर रुमाल शोधत होता. काउंटरवर स्पीकरच्या दोन जोड्या मांडलेल्या होत्या आणि मध्ये एक बटण. बटण इकडे केलं की पहिली जोडी वाजणार, तिकडे केलं की दुसरी.

"ही ऐका," तो म्हणाला. कुठलंसं गाणं थोडा वेळ वाजलं. मग त्याने बटण फिरवलं. "आता ही ऐका. फरक कळतोय?"

माझी ताई मागे वायरींच्या रॅकशी पाठमोरी उभी होती. मी डोळे मिटले आणि मान जरा कलती केली. घरात मला सगळे 'कानसेन' म्हणतात. तानसेन होता आलं नाही, निदान कानसेन तरी झालो, असा तो विनोद. पण एकदा असं नाव पडलं की माणसाला ते सांभाळत बसावं लागतं.

"ही दुसरी जास्त मोकळी आहे," मी म्हणालो. "पहिलीत आवाज डबक्यात बसल्यासारखा वाटत होता. हिच्यात गाणारीचा श्वाससुद्धा कळतो."

दुकानदाराने काउंटरमागे वाकून पाहिलं. बटणाच्या मागची वायरच सुटलेली होती. बटण कुठेही फिरवा, दोन्ही वेळा वाजली होती ती पहिलीच जोडी. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. भला माणूस. "होतं साहेब असं कधीकधी," एवढंच हळू म्हणून त्याने नाक शिंकरलं. माझे दोन्ही कान लाजेने असे तापले की हात लावला असता तर चटका बसला असता.

खरं सांगायचं तर त्यातला डावा कान बऱ्याच दिवसांपासून निव्वळ शोभेचा होता. उजव्यानेही बारीक आवाज सोडून दिले होते. डॉक्टरकडे गेलो नव्हतो, घरी बोललो नव्हतो. कानसेनाला ऐकू येत नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

बरं, एवढं झाल्यावर तरी शहाणपण यावं. पण नाही. "कोणती रे घ्यायची?" ताईने येऊन विचारलं आणि मी बेधडक दुसऱ्या जोडीवर बोट ठेवलं. जी मी ऐकलीच नव्हती, ती. शिवाय एक साउंड कार्डही घेतलं, कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची काडेपेटीएवढी डबी. ताईच्या कॉम्प्युटरच्या आतल्या जोडणीतून आवाजाबरोबर कायम एक खरखर येते, असं तीच म्हणाली होती. मी अर्थातच "हो, भयंकर येते" असं म्हणून मोकळा झालो होतो.

ताई गाणं शिकवायची. गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. उरला तो कागद चुरगाळल्यासारखा बोलण्यापुरता आवाज. तिची जुनी गाणी मीच तिच्या घरी बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड केलेली होती. खोलीत त्या वेळी ती, व्हायोलिनवाला आणि मी, एवढे तिघंच असायचो. ऑपरेशननंतर तिने ती एकदाही लावली नव्हती. आता लावायची म्हणाली, पण तिची एकच अट होती. "पत्र्याच्या डब्यातून मला माझा आवाज ऐकायचा नाही. ऐकायचा तर नीट. साधे स्पीकर चालतील, पण तू निवडलेले हवेत."

तू निवडलेले. हे वाक्य मला अजून टोचतं.

दुपारी मी ते स्पीकर ताईच्या टेबलावर लावले. एका स्पीकरमधून दुसऱ्यात दोन उघड्या तारा जातात, लाल चिमटीत लाल, काळ्यात काळी. काम पोरखेळाचं, पण माझं तोंड सुरू होतं. स्पीकर भिंतीपासून किती लांब हवेत, कानाच्या उंचीला का हवेत, यावर मी ताईला भाषण देत होतो. त्या नादात एकीकडच्या तारा उलट्या खोचल्या.

गाणं सुरू झालं. ताई खुर्चीत पुढे सरकली आणि तिचा चेहराच उतरला.

"माझा आवाज कुठाय?"

"म्हणजे?"

"व्हायोलिन आहे. मी नाहीये."

तार उलटी लागली की असं होतं. एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि दोन्हींतून सारखा येणारा मधला आवाज, म्हणजे गाणारीचा, विरून जातो. पातळ होतो, पार नाहीसा सहसा होत नाही. मी जीभ चावली आणि तारा काढायला वाकलो.

"थांब," ताई म्हणाली. "हात लावू नकोस. मागे कोणीतरी आहे."

मी थांबलो.

"बाई आहे. माझ्यामागून गुणगुणतेय. कच्ची आहे, पण सूर सोडत नाही." ती माझ्याकडे वळली. "ऐकलंस?"

मला व्हायोलिनसुद्धा धड ऐकू येत नव्हतं. "हो," मी म्हणालो. "बारीक आहे, पण आहे."

तिने सुस्कारा सोडला. "बाई गं! मला वाटलं मला वेड लागलं."

तारा सुलट केल्यावर तिचं गाणं परत आलं असावं, कारण ती रडली. डोळे पुसले आणि म्हणाली, "आता परत उलटी लाव."

त्यानंतर मी रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर तिच्याकडे जायला लागलो. रोज तारा उलट्या असायच्या. ताई टेबलाशी बसून हाताने ताल धरायची आणि त्या चिरक्या आवाजात कोणाला तरी चुका सांगायची. "घाई नको. श्वास आधी घे." मग मला सांगायची, "आज तिने ती जागा बरोबर घेतली. ऐकलीस ना?" मी नंदीबैलासारखी मान हलवायचो. कधीकधी तर "खालचा सूर अजून कच्चा आहे" अशी पदरची भरही घालायचो. जिभेला काय, हाड नसतंच. ताई खुशीत होती, जेवत होती, केस नीट विंचरत होती. बऱ्याच काळाने तिला शिकवायला कोणीतरी मिळालं होतं. हिचं सुख मी कशाला हिरावू, असं मी स्वतःला समजवायचो. ती सबब होती. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, बाकी काही नाही.

ताईच्या मुलीने, माझ्या भाचीने, एकदा मला जिन्यात गाठलं. ती नर्स आहे, थेट बोलते.

"मामा, मी तासभर बसून ऐकलं. मला कोणी बाई ऐकू येत नाही. आईला डॉक्टरकडे नेऊ का? पण ती म्हणते, कानसेनाला ऐकू येतं." तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. "खरं सांग. येतं?"

सांगायची वेळ तीच होती. फक्त एक 'नाही' म्हणायचं होतं.

"येतं गं," मी म्हणालो. "सगळ्यांचे कान सारखे नसतात."

ती जरा हिरमुसली आणि "मग ठीक आहे" म्हणून वर गेली. डॉक्टरांचा विषय तिथेच संपला.

त्यानंतरच्या रविवारी ताईने मला चहासुद्धा विचारला नाही. ती स्पीकरांच्या मधोमध ताठ बसून होती. गाणं संपलं असावं, स्क्रीनवरची पट्टी शेवटाला पोचली होती. तरी ती ऐकत होती.

"आज ती बोलली," ताई म्हणाली. "पहिल्यांदा. गाणं थांबवून तिने सरळ मलाच विचारलं."

मी मान हलवली.

"आत्ता परत विचारतेय. ऐकतोयस ना?"

"हो."

"मग काय म्हणू?" तिचा हात गळ्याकडे गेला, ऑपरेशनच्या वणावर. "मला सुचत नाहीये रे. लहान गोष्ट नाही ही. तूही ऐकलंयस, तूच सांग. हो म्हणू?"

तिचे डोळे भरलेले होते. भीतीने की आनंदाने, ते मला कळलं नाही. प्रश्न काय आहे ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण विचारलं असतं तर इतक्या दिवसांच्या सगळ्या थापा एका क्षणात उघड्या पडल्या असत्या.

"एवढं म्हणतेय तर हो म्हण," मी म्हणालो.

ताई स्पीकरकडे वळली आणि म्हणाली, "हो."

तो तिचा शेवटचा शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला. आई बोलत नाहीये, ओठ हलतात पण आवाज निघत नाही. मी पोचलो तेव्हा भाचीने तारा स्वतःच सुलट केल्या होत्या आणि एकेक गाणं लावून बघत होती.

"फक्त व्हायोलिन आहे," ती म्हणाली. "सगळ्या गाण्यांत. आईचा आवाज कुठेच नाही. माझ्या मोबाइलमध्ये घेतलेल्या गाण्यांतसुद्धा नाही."

ताई खुर्चीत बसली होती. तिचे ओठ हलत होते. चेहरा शांत होता.

"मामा, त्या बाईने आईला काय विचारलं होतं? तू होतास ना काल?"

मी खाली पाहिलं.

"मामा!"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही. ती बाई तर कधीच ऐकू आली नाही. डावा कान गेलाय माझा."

भाचीने नुसतं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली वाकून स्पीकरचा प्लग बोर्डातून ओढून काढला.

"संपलं आता," ती म्हणाली.

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी ताईच्या पायाशी बसलो. "माफ कर गं ताई," एवढंच म्हणता आलं.

तेव्हा गाणं सुरू झालं.

डाव्या कानात. मोकळं, भरलेलं, ऑपरेशनच्या आधीचं. ताईचाच आवाज. एकेक जागा स्वच्छ, श्वाससुद्धा कळत होता.

मग तो थांबला. आणि त्याच आवाजाने, जवळून, हळू विचारलं,

"फरक कळतोय?"

मी वर पाहिलं. ताई माझ्याकडेच बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

"काय झालं?" भाचीने विचारलं. "काही ऐकू आलं का?"

तिच्या हातात प्लग होता.

"नाही," मी म्हणालो.