दाजींची सरासरी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. आम्हीही आधी हसलोच होतो.

घडलं आमच्या दाजींच्या बाबतीत, डेपोकडून धरणाकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर. रात्र वगैरे नव्हती. चांगलं लख्ख उजाडलेलं होतं.

दाजी बस ड्रायव्हर. छातीत कळ येऊन कोसळले आणि स्टिअरिंग सुटलं. डेपोचे डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, दम वाढवा. मग तपासू." नोकरी त्या तपासणीवर लटकलेली.

दाजी पक्के हिशेबी. नुसतं 'बरं वाटतंय' त्यांना चालायचं नाही. त्यांनी हँडलला वेग मोजणारा मीटर लावला. रोज तोच रस्ता, तेच अंतर आणि घरात पाय टाकताच ताईला आकडा.

"आज सरासरी ताशी चौदा."

"बरं. दूध आणलंत?"

दूध कधीच आणलेलं नसायचं. वाटेत थांबलं की माणसाची लय मोडते म्हणे!

मग सरासरी चढायला लागली. सोळा. अठरा. धाप नाही, घाम नाही. दाजी आरशासमोर उभे राहून मिशा कुरवाळायला लागले.

एका सकाळी त्यांचं लक्ष पेट्रोल पंपावरच्या झेंड्यांकडे गेलं.

झेंडे त्यांच्याच दिशेने ताणून फडफडत होते. म्हणजे वारा समोरून. चांगला सणसणीत.

आणि दाजींची कॉलरसुद्धा हलत नव्हती...

एक वाळकं पान उडत थेट तोंडावर आलं. हातभर अंतरावर वळलं... आणि बाजूने निघून गेलं.

दाजींनी पाय थांबवले. चाकाची टिकटिक सुरू झाली.

एक टिकटिक खालून.

आणि एक... पुढून.

रस्ता रिकामा होता.

"आता कानही तपासून घ्या," घरी सगळं ऐकून ताई म्हणाली. "हृदय झालंय, तेवढंच राहिलंय."

दाजी हसले नाहीत. "फिटर आठवतो?"

ताईचा हात थांबला. डेपोतला फिटर. दाजींच्या जोडीने सायकल चालवायचा. त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेलेला.

"पुढे असतो तो वारा अंगावर घेतो, मागच्याला सोपं जातं," दाजी म्हणाले. "मग पाळी बदलायची. ती रीतच असते."

"तुम्ही बदलायचात?"

"तो कधी म्हणायचाच नाही..."

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांच्या खोलीत जागच्या जागी चालणारी सायकल. खिडक्या बंद. तिथे वारा नाही, आणि पुढे फक्त भिंत.

थोड्याच वेळात दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी हात धरून खाली उतरवलं.

"अहो, काडीची सुधारणा नाही!" डॉक्टर म्हणाले. मग वातावरण हलकं करायला हसले. "मग इतके दिवस सायकल चालवत होतं कोण?"

दुसऱ्या दिवशी ताई दार अडवून उभी राहिली.

"जीव जाईल तुमचा."

"एकदाच जातो. त्याचं उसनं अंगावर नको."

पेट्रोल पंपापाशी दाजी रिकाम्या रस्त्याला मोठ्याने म्हणाले, "ये मागे. आज मी पुढे जातो."

क्षणभर काहीच नाही.

मग टिकटिक हळूहळू जवळ आली... खांद्याला खांदा लावून चालली... आणि मागे गेली.

वारा छातीवर धाडकन आदळला.

दाजींना थांबता येईना. रांगेतल्या पुढच्याने अचानक ब्रेक मारायचा नसतो, मागचा धडकतो. ओठ निळे पडले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी पाय चालूच. घराच्या फाटकापाशी ताईने त्यांना सायकलसकट अंगावर झेललं.

वाचले. पण बस सुटली ती सुटलीच. आता डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतात. सायकल तर त्याच आठवड्यात विकली.

इथे संपलं असतं, तर मी लिहिलंच नसतं.

दाजी हल्ली घरात चालताना थांबायच्या आधी डावा हात मागे नेतात. पंजा उघडा. मागच्या सायकलवाल्याला 'थांबतोय' सांगायची ती खूण.

पाणी प्यायला जाताना. टीव्ही बंद करायला जाताना. दर वेळी.

परवा ताईने वैतागून विचारलं, "मागे आहे कोण तुमच्या?"

"खूण विसरलो तर लागतं गं," दाजी म्हणाले.

ते आत गेले तेव्हा माझी नजर खाली गेली.

दाजी घरात अनवाणी असतात.

त्यांच्या दोन्ही टाचा सोललेल्या होत्या... आणि त्यांवर टायर घासल्याचे काळे पट्टे होते.