अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मामासोबत हे घडलंय. तेही रात्री-अपरात्री नाही...

मंगळवारी, भर दुपारी तीन वाजता.

मामा साउंडची यंत्रं दुरुस्त करतो. त्या दिवशी तो एका छोट्या स्टुडिओत गेला होता. तिथले मालक आणि त्यांची बायको मिळून अंध लोकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायचे. ती काचेच्या बंद खोलीत वाचायची, ते बाहेर बसायचे. सहा महिन्यांपूर्वी ती वाचता वाचताच गेली.

तेव्हापासून कन्व्हर्टर जळत होता. माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घालणारा डबा. एकदा नाही, तीनदा.

"अहो, तुमचा प्रीॲम्प आवाज वाढवतो ते ठीक," मामा डबा उघडून म्हणाला, "पण मध्येच एवढा जोर लावतो की पुढे कन्व्हर्टरमधल्या चिपला सोसत नाही."

त्याने वाटेत रेझिस्टर आणि डायोड जोडले. जास्तीचा जोर परस्पर बाजूला वळेल, चिप वाचेल.

"आता सासूबाई ओरडल्या तरी जळायची नाही!"

मालक हसले नाहीत.

उगाच खरखर येते का ते बघायला मामाने माइक काढला, रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि दोघं कोपऱ्यावर चहाला गेले.

परत आले तर...

मीटरचा काटा नाचत होता.

माइक टेबलावर. वायर गुंडाळलेली.

मामाने हेडफोन कानाला लावला. आधी धाप लागल्याचा आवाज... मग काचेवर थाप...

"अहो... दार उघडा ना."

त्याने हेडफोन मालकांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं मात्र, खुर्ची पाडून धावले आणि खोलीचं दार खेचून उघडलं.

आत कुणीच नव्हतं.

काटा खाली पडला.

"तिचाच आवाज," मालक जमिनीवरच बसले. "मी तेव्हा जिन्यात फोनवर बोलत होतो हो... पण डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेली. तिला कळलंसुद्धा नसेल."

मामाची नजर कन्व्हर्टरकडे गेली. आजवर चिप आधीच जळून जायची. या वेळी ती तगली होती... म्हणून आवाज आत आला होता.

मालक तोंड धुवायला गेले, तेव्हा त्याने रेकॉर्डिंग सुरुवातीपासून, पुढे पळवत ऐकलं.

तीच हाक. पुन्हा. पुन्हा. दर वेळी थोडी क्षीण.

एक क्षण नाही... अकरा मिनिटं.

"काय आहे त्यात?" मालकांनी दारातून विचारलं.

"काही नाही. नुसती खरखर," मामा म्हणाला आणि त्याने फाईल पुसून टाकली.

किती मिनिटांची होती, हे त्याने त्यांना कधीच सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मालकांचा फोन आला. चिप ठणठणीत आहे म्हणाले. मग जरा थांबले...

"काल कॉम्प्युटरवर आपोआप एक फाईल तयार झालीय. अकरा मिनिटांची. अजून ऐकली नाही मी... नुसती खरखरच असेल ना?"

मामाने फोन ठेवून दिला.

तेव्हापासून त्यांचे रोज फोन येतायत. मामा उचलत नाही.