सगळेच दिवे लुकलुकले

सान्दा आली तेव्हा झेनोव्हिया आणि तिचा दीर तितुस पिंपात कोबी दाबत होते. पोयेनी गावात झेनोव्हियासारख्या गुप्तहेराला पोटासाठी आणखीही बरंच काही करावं लागतं.

"माझ्या नवऱ्याला चौकीत बसवलंय," सान्दा म्हणाली. "ग्रिगोरे म्हणतो, कोस्तेलनं त्याच्या गाडीचे ब्रेक कापले. उद्या सकाळी शहरात नेणार."

कोस्तेल गावातला मेकॅनिक. मंगळवारी त्यानं ग्रिगोरेचे ब्रेक दुरुस्त केले, आणि शुक्रवारी ग्रिगोरे उतारावरून गाडीसकट आलुबुखाऱ्याच्या बागेत शिरला. मध्ये दोघांचं एका बोकडावरून भांडण झालं होतं. बोकड दोघांचाही नव्हता.

"कापायचेच होते, तर आधी दुरुस्त कशाला करीन?" चौकीत कोस्तेल म्हणाला.

"संशय येऊ नये म्हणून," तितुस म्हणाला.

"भावजी," झेनोव्हिया म्हणाली, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आलात?"

मग सान्दा दोघांना ग्रिगोरेच्या घरी घेऊन गेली. तो पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता.

"गाडीत समोर कुठला दिवा लागला?" झेनोव्हियानं विचारलं.

"सगळे. एकदम लुकलुकायला लागले. मग इंजिन बंद."

"त्याआधी ब्रेकचा एकटा लाल दिवा?"

"नाही."

"आणि ब्रेक?"

"दगडासारखा कडक. कापलाच असणार."

त्याची आई पारास्किवा पेल्यांतून चर्चमधलं, रानतुळशीची पानं घातलेलं तीर्थ घेऊन आली. पाहुण्याला आधी तीर्थ, मग ब्रँडी. तितुसनं उरलेलं खिडकीतून फेकायला हात उचलला.

"अरे मेल्या, पायदळी येईल ना ते," म्हातारीनं पेला हिसकावला. खाली कोंबड्या हिंडत होत्या. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि ते स्वतःच पिऊन टाकलं.

अंगणात चेपलेली गाडी उभी होती. तितुसनं आत डोकं घातलं. "वहिनी, हिला चर्चसारखा वास येतोय."

पुढच्या काचेखालच्या जाळीत रानतुळशीची काळी पडलेली पानं अडकली होती. खाली फ्यूजच्या डब्यात हिरवा गंज चढला होता. ब्रेकच्या नळ्या धडधाकट होत्या.

झेनोव्हिया घरात परतली.

"नळी कापली असती तर पायाखालचा ब्रेक खाली बसला असता. कडक झाला, कारण इंजिन आधीच बंद पडलं होतं. एक भाग बिघडला तर एकच दिवा लागतो. सगळेच लुकलुकले, म्हणजे वीजच डळमळत होती. डब्यात पाणी गेलं होतं."

"पाऊस," तितुस म्हणाला.

"पावसात रानतुळस नसते, भावजी. आजी, पेल्यातलं उरलेलं रोज कुठं ओतता?"

पारास्किवानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक बोटांत घट्ट धरलं.

"काचेखालच्या जाळीत. तिथं कुणाचा पाय पडत नाही. आणि पोरगं एवढ्या लांब गाडी नेतं, म्हटलं त्याचंही भलं होईल."

ग्रिगोरेनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी त्याला खुनी म्हणालो, आई. अख्ख्या गावासमोर."

"मग मीही गावासमोरच सांगते. रविवारी, चर्चच्या दारात."

"रविवारी नको, आजी," सान्दा म्हणाली. "आत्ता, चौकीत."

म्हातारी उठली. तिचा एक बूट सापडेना. गावातली एकुलती एक गुप्तहेर गुडघ्यांवर बसून खाटेखाली हात घालू लागली.

सान्दानं आपले बूट काढले, आजीच्या पायांत चढवले, आणि तिला हाताला धरून मोज्यांनिशी चिखलात उतरली.