शेवटची कळ

झीज मोजणाऱ्या घर्षणवाचक यंत्राच्या भिंगाखाली घड्याळ मागून उघडून ठेवलं होतं आणि केतकी आठल्ये खिडकीबाहेर बघत होती. हृदयरोगतज्ज्ञ म्हणून तिने आजवर शेकडो हृदयं आतून पाहिली होती, पण या घड्याळाचं पोट न दिसलेलंच बरं असं तिला वाटत होतं.

"तबकडी पुन्हा रंगवलेली आहे," परीक्षक इरफान मुजावर म्हणाले. "काटेही नंतरचे. संग्राहक नाक मुरडतील. म्हणजे स्वस्तात मिळेल तुम्हाला."

"तबकडीचं सोडा. हे माझ्या बाबांचं आहे का, तेवढं सांगा."

बाबा मिरजेत डॉक्टर होते. अशाच सेकंदमापी घड्याळावर ते नाडी बघत. कळ दाबायची, तीस ठोके मोजायचे, कळ दाबायची. काटा थांबेल तिथे नाडीचा आकडा. ते गेल्यावर आईने घड्याळ कुणालातरी देऊन टाकलं. अकरा वर्षांनी लिलावाच्या यादीत 'मिरजेच्या डॉक्टरांचं घड्याळ' असं वाचून केतकी तडक पुण्याच्या या तपासणी केंद्रात आली होती. बाबांची एकच वस्तू तिला हवी होती.

"कळीखालचं स्तंभचक्र मात्र मूळ आहे," मुजावर उत्साहाने म्हणाले. माणूस भला होता, पण आपल्या यंत्राबद्दल बोलू लागला की समोरच्याचा चेहरा बघायचा विसरे. "प्रत्येक वेळी कळ दाबली की या चक्रावर अणूएवढा ओरखडा उठतो. काटा फिरत असेतो शेजारचे दात झिजतात. दोन ओरखड्यांमधली झीज मोजली, की तो काटा किती सेकंद चालला ते कळतं. आयुष्यभराच्या नोंदी आहेत यात. मालक डॉक्टर होता यात शंका नाही."

"आणि शेवटच्या नोंदी?"

"त्याच जरा विचित्र आहेत. एकोणीस नोंदी, एकाच दुपारच्या. मध्ये तेलाचा थर बसायलाही वेळ मिळालेला नाही. बघा."

पडद्यावर त्या सेकंदांवरून काढलेले नाडीचे आकडे होते. अठ्ठावन्न. बावन्न. सत्तेचाळीस. चाळीस. चौतीस. असे आकडे ती रोज वाचत असे. हृदयातली विद्युतवाट हळूहळू बंद पडत होती, आणि कुणीतरी शुद्धीवर राहून ते मोजत बसलं होतं. निवृत्तीनंतर बाबांनी कुणाचीच नाडी पाहिली नव्हती. स्वतःचीच राहिली होती.

'झोपेत गेले, त्यांना कळलंसुद्धा नाही.' आईला हे तिनेच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी मानलं. कालांतराने तिनेही मानलं.

"असं घड्याळ पुष्कळ डॉक्टरांकडे असेल ना?" आपण हे आशेने विचारतोय, हे तिचं तिलाच जाणवलं. तासापूर्वी हे बाबांचं असावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती.

"असेल की. म्हणूनच मी दाखल्यावर 'मालक अनिश्चित' लिहिणार आहे. त्यात विसावी नोंद. कळ दाबली गेली, पण तीस ठोके काही पुरे झाले नाहीत. काटा फिरतच राहिला. तब्बल दोन तास दहा मिनिटं. मग कुणीतरी तो थांबवला. ते बोट वेगळं आहे. हलकं, घाईचं, शेवटी थरथरलेलं. प्रत्येकाची दाबण्याची लकब निराळी असते."

बाबा गेले त्या दिवशी सकाळी केतकीला त्यांचा फोन आला होता, 'जमलं तर जरा लवकर ये.' जास्त काही बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मिरजेच्या वाटेत कराडला मैत्रिणीची वास्तुशांत होती. तिथे सव्वादोन तास गेले. जेवण, फोटो, पुन्हा एकदा चहा. औषधांची पेटी गाडीतच होती.

घरी पोचली तेव्हा बाबा खुर्चीत होते आणि मनगटावर काहीतरी फिरत होतं.

शेजारचं कुणी आधी येऊन गेलं असेल. दुसऱ्या घरीही असं घडू शकतं. अनिश्चित, असं मुजावरच म्हणाले होते.

"मी घेते हे घड्याळ," ती म्हणाली. "दाखला तसाच लिहा."

"लिहितो. फक्त यंत्र चालू आहे तोवर कळ एकदा दाबून बघा. घेणाऱ्याने स्वतः दाबून बघायची आमच्याकडे रीतच आहे."

नाही म्हणायला कारण सुचेना. केतकीने अंगठा टेकवला. कळ दबली, काटा निघाला आणि पडद्यावर त्या शेवटच्या ओरखड्याशेजारी नवा उमटला. यंत्राने दोन्ही एकावर एक ठेवले. तीच घाई होती. शेवटी तीच थरथर.

"अहो, हे तर तुमचंच बोट!" मुजावरांचा चेहरा खुलला. त्यांनी 'अनिश्चित'वर काट मारली. "अभिनंदन, डॉक्टर. अस्सल आहे. तुमच्या बाबांचंच."

काटा फिरत होता. पाच मिनिटं, केतकीच्या मनात आलं. कराडला थांबले नसते, तर बाबांनी शेवटची कळ दाबायच्या पाच मिनिटं आधी पोचले असते.

"थांबवा ना आता," मुजावर म्हणाले. "उगाच झिजतंय."

तिचा अंगठा कळीवरच होता. तो दाबायला तिचा हात काही होईना.