मेलेल्या पेशींचं काम

सागाची रोपं पाण्यात उभी राहून तहानेनं सुकत होती. मुळं ओली, माती ओली, आणि पानं मात्र भर उन्हात विसरल्यासारखी लोंबलेली. डॉ. रेणुका सबनीसांनी एक रोप उचललं आणि स्टुलावर बसून घेतलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. प्रयोगशाळेचे जिने चढून गुडघे भरून आले होते.

"सगळ्यांना अंकुर असतानाच मरणरोधक दिलंय, मॅडम," विहान भोसेकर म्हणाला. एके काळी तो त्यांचा विद्यार्थी होता, आता या प्रकल्पाचा प्रमुख होता. "एकही पेशी मेलेली नाही. बोटभर होती तोवर नीट वाढली. पुढे हे असं."

रेणुकाबाईंचा जीव या रोपांत अडकला होता. त्यांच्या नवऱ्याच्या, परागच्या, हातापायांच्या नसांतल्या पेशी एकेक करून मरत चालल्या होत्या. येत्या सोमवारी परागना हेच मरणरोधक टोचायचं होतं. दुसरा उपाय उरला नव्हता.

रेणुकाबाईंनी आधी पानाचा, मग खोडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"पानात खोट नाही. वर मेणाचा थर आहे, खाली रंध्रं उघडी आहेत. वाफ सोडून सोडून पान खालचं पाणी ओढतंय. ओढणारा आहे रे, नळीच नाही."

"जलवाहिन्या दिसतायत की."

"भरलेल्या दिसतायत. तेरड्याची फांदी लाल शाईत ठेवायचो आपण. शाई कशातून चढायची?"

"जलवाहिनीतून."

"मेलेल्या जलवाहिनीतून. ती पेशी आधी भिंती जाड करते, मग आतलं सगळं विरघळवून मरते. मागे उरते ती पोकळी. पाणी त्या पोकळीतून चढतं. तू त्यांना मरूच दिलं नाहीस. नळीतच संसार थाटून बसल्यात."

"तुम्ही माझे मार्क कापले असतेत," विहान हसून म्हणाला. "पण माणसाच्या अंगात लाकूड नसतं. परागकाकांना काय धोका?"

रेणुकाबाईंनाही तेच म्हणायचं होतं. घरी जावं आणि सोमवारची वाट पाहावी, एवढंच बळ अंगात होतं. पण जन्मभर वर्गात प्रश्न विचारायची सवय, तोंडातून प्रश्न निसटलाच.

"माणसाच्या अंगात असं काय आहे, जे मेल्यावरच कामाला येतं?"

"केस. नखं." विहान थांबला. "कातडीचा अगदी वरचा थर."

"त्याचं काम?"

"अंगातलं पाणी आत राखणं."

तो सुकलेल्या रोपाकडे पाहत राहिला.

"जुना थर झडून जाईल," रेणुकाबाई हळूहळू म्हणाल्या, "आणि खालून नवा मेलेला थर येणारच नाही. माणूस पानासारखा वाफ सोडत राहील. सोमवार रद्द कर. उतारा आहे का याला?"

"नाही. एकदा टोचलं की प्रत्येक नव्या पेशीत उतरतं." विहाननं बाही वर सारली. कोपराजवळची कातडी गुलाबी, ओलसर होती, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी. "आमच्याकडे रीत आहे, मॅडम. बनवणाऱ्यानं आधी स्वतःला टोचायचं. काकांना द्यायचं होतं, म्हणून महिन्यापूर्वीच घेतलं मी."

संध्याकाळी पराग गॅलरीत खुर्चीवर बसले होते. रेणुकाबाईंनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी सोमवारची, मग विहानची.

"तिसाव्या वर्षी," पराग म्हणाले. "गाढव आहे." आणि मग, "दुसऱ्याची कातडी लावली तर?"

"मरणरोधक न घेतलेल्या माणसाची असेल तर चालेल, अंगानं ती झिडकारू नये म्हणून औषधं देऊन. ती आपल्या रीतीनं मरत राहील. पाणी अडेल."

"म्हणजे त्याला मरणारी कातडी हवी."

"हो."

"माझं सगळं मरणारंच आहे. विचार त्याला, म्हातारी चालते का."

"एका माणसाची पुरणार नाही, पराग."

"पुरेल असं कोण म्हणतंय? कुणीतरी सुरुवात करायला हवी. तू दुसरी."

रेणुकाबाईंनी विहानला फोन लावला आणि परागच्या कानाशी धरून उभ्या राहिल्या. परागना तो हातात धरता येत नव्हता.